मामा आलेत पायऱ्यांपाशी

पेंटरने उभ्या आयुष्यात ज्या पाट्या रंगवल्या, त्या सगळ्या माणसांनी वाचायच्या. दुकानांच्या, शाळांच्या, डॉक्टरांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. एकच पाटी अशी निघाली, की जी मगरीने वाचायची. आता तुम्ही म्हणाल, मगर काय वाचणार, कपाळ! तेच तर पेंटर दोन वर्षं म्हणत होता, पण ऐकतो कोण?

झालं होतं असं. तळ्याकाठचा रिसॉर्ट. वीस खोल्या, जेवणाचा हॉल, लांबलचक हिरवळ, आणि हिरवळीच्या टोकाला तळ्यात उतरणाऱ्या चौदा दगडी पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी पुराच्या पाण्याबरोबर कालव्यातून एक मगर तळ्यात आली आणि तिथेच राहिली. वनखात्याचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "पाटी लावा, माणसांना पाण्यापासून लांब ठेवा. ती उगाच कोणाच्या वाटेला जाणार नाही, पण पाण्यात पाय घालणाऱ्याचं काही सांगता येत नाही." झालं, कामाला लागला पेंटर. दारं, बाक, होड्यांचे नंबर, रिसॉर्टमधलं सगळं रंगकाम त्याच्याकडेच. त्याने जाड पत्रा घेतला, दोन हात पिवळा मारला आणि वर वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांत लिहिलं, 'सावधान! पाण्यात मगर आहे.' खाली मगर काढली. दात एकेक करून काढले, घाई केली नाही. पाटी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला दोन लोखंडी खांबांवर चार बोल्टांनी आवळून बसवली.

आठ दिवसांत मॅनेजरसाहेब त्याच्याकडे आले. चेहरा एवढासा झालेला. पाहुणे यायचे, हिरवळीवरून हौसेने पाण्याकडे निघायचे, पाटी वाचायचे आणि बॅगाही न सोडता परत फिरायचे.

"पेंटर, पाटी फिरवा. मागची बाजू कोरीच आहे ना? तिच्यावर काहीतरी गोड लिहा."

"साहेब, मगर काय साखर आहे का, गोड लिहायला?"

"लिहा हो. वाद नको."

मग मागच्या बाजूवर निळ्या अक्षरांत आलं, 'तळ्याचं सौंदर्य दुरूनच न्याहाळा. आपला मुक्काम आनंदाचा होवो.' आणि दोन कमळं. पाटी फिरवली. कमळं हिरवळीकडे, मगर पाण्याकडे. म्हणजे पायऱ्या उतरून पार पाण्याशी जाऊन मागे वळलं तरच कळणार, की इथे यायचं नव्हतं! पेंटर माळ्याला म्हणाला, "मगरीची मात्र सोय झाली बघ. पाण्यातून डोकं वर काढलं की तिला कळेल आपण कोण ते."

साहेब तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. त्यांनी दुसरा हुकूम काढला. पाहुण्यांसमोर 'मगर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आता आली का पंचाईत! माळ्याला पाण्याकाठी झाडं, पेंटरला पाण्याकाठी होड्या. एकमेकांना सावध तर केलंच पाहिजे. एका सकाळी साहेब पाहुण्यांना हिरवळ दाखवत होते, आणि पेंटरला होड्यांपाशी चिखलात ती पसरलेली दिसली. माळी तिकडेच निघालेला. पेंटर ओरडला, "अरे थांब, तिकडे म—" आणि साहेबांचे डोळे दिसले. 'म' तर तोंडातून निघून गेलेला, तो काही परत गिळता येईना. "मा... मामा! मामा आलेत होड्यांपाशी!"

माळी हुशार. जागच्या जागी थांबला, हात वर करून म्हणाला, "येऊ दे!"

तेव्हापासून मगरीचं नाव मामा पडलं. कपडे धुणाऱ्या बाई म्हणायच्या, "अहो, मगर म्हणजे ती ना? मग मावशी म्हणा, त्यातही म आहेच." पण एकदा चिकटलं ते चिकटलं. रीतच पडली. जो पहिला बघेल त्याने जागेसकट ओरडायचं, ऐकणाऱ्याने 'येऊ दे' म्हणायचं. ओरडा दोन्हीकडून झाला की सगळ्यांचा जीव भांड्यात. पाहुणे आपले कौतुकाने म्हणायचे, किती मायाळू माणसं आहेत इथली, मामांचं सारखं विचारतात! साहेब तर पेंटरवर खूश. आणि पेंटरही मनातून फुशारलेला होता, खोटं कशाला सांगा. शब्द त्याने शोधला होता.

तर अशा रिसॉर्टमध्ये एका दुपारी त्या दोघी मायलेकी आल्या. आई तिशीतली, अबोल, हातातला फोन क्षणभर खाली न ठेवणारी. मुलगी सहा वर्षांची, वरचे पुढचे दोन दात पडलेले, आणि पायाला स्थिरता म्हणून नाही. आई तिला भिंगरी म्हणायची. खरं नाव काय होतं कोण जाणे, पण दुसरं कुठलंही नाव तिला शोभलं नसतं.

सामान खोलीत जायच्या आत भिंगरी पेंटरसमोर हजर. तो भिंतीशी बसून होडीचा नंबर रंगवत होता.

"काका, हा तीन आहे ना? तुमचा पण दात पडलाय! कधी पडला?"

"टर्पेंटाइनच्या बाटलीचं बूच दातांनी उघडायला गेलो, तेव्हा."

"मग नवीन येणार?"

"आता कुठला यायला! तुझे येतील. माझं दुकान बंद झालं."

भिंगरीला याचं फारच वाईट वाटलं. तिने जवळ येऊन, वाकून, नीट त्याच्या तोंडात बघितलं आणि सांगितलं, "एकच तर गेलाय. माझे दोन गेलेत." म्हणजे चला, दुःखात ती त्याच्या एक पाऊल पुढेच होती. पेंटर खो खो हसला. दिवसभर हसला नसेल एवढा.

मग कळलं सगळं. भिंगरीचा मामा येणार होता, परवा सकाळी. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या आईने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा भाऊ रागावून घर सोडून दूर नोकरीला गेला, तो सात वर्षं ना फोन, ना पत्र. आणि आता त्याचाच फोन आला होता. म्हणाला, घरी नको, घरी सगळे असतात, कुठेतरी निवांत भेटू, आपण तिघंच. भिंगरीला यातलं एवढंच माहीत होतं की मामा रुसला होता आणि आता त्याचा रुसवा गेला. आई मात्र धास्तावलेली. "येतो म्हणालाय," ती पेंटरला म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "येईल ना हो?" अनोळखी माणसाला असं विचारावं लागतं, म्हणजे बाईच्या जिवाला काय लागलं असेल बघा.

"येणार की!" पेंटर म्हणाला. त्याला काय ठाऊक होतं? पण म्हणाला.

"तुम्हाला भाची आहे?" भिंगरीने विचारलं.

"मला बहीणच नाही गं."

"मग तुम्ही कुणाचेच मामा नाही?"

पेंटरने ब्रश डब्याच्या कडेला उगाचच निपटला. "नाही बाई. कुणाचाच नाही."

तेवढ्यात लांबून माळी ओरडला, "मामा गेले रे पलीकडच्या काठाला!" आणि पेंटरने सवयीने हात वर केला, "जाऊ दे!" भिंगरीने वळून बघितलं. "कुणाचे मामा?" पेंटर आणि माळी एकमेकांकडे बघून हसले. "आमचे आहेत एक," माळी म्हणाला. "फार खादाड." पुन्हा हसले दोघं. दोन पिकल्या डोक्याच्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडू नये! त्या हसण्याची आठवण पुढे पेंटरला रात्रंदिवस टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भिंगरीचा हट्ट सुरू झाला. मामासाठी पाटी हवी. स्टेशनवर लोक नावं लिहून धरतात ना, तशी. नाहीतर मामा तिला ओळखणार कसा? पेंटरने पुठ्ठा कापला, पांढरा हात दिला, वाळू दिला. खडू फासलेली दोरी दोघांनी दोन टोकांना धरली आणि टण्‌ करून सोडली की पुठ्ठ्यावर सरळ रेघ उठते, ते भिंगरीने अकरा वेळा करून घेतलं. रेघ एकच पुरे होती.

"आता म काढ."

"मला येतो म. शाळेत झालाय. क पण येतो, र पण, ग पण. सगळी साधी अक्षरं येतात. जोडाक्षरं नाही आली अजून. त्यांची मोडतोड झालेली असते."

"खरंय. अर्धं अक्षर म्हणजे पोट गेलेलं अक्षर. दुसऱ्याला धरून उभं राहतं."

हे भिंगरीला एवढं आवडलं की तिने ते आईला जाऊन सांगितलं. मग तिने बोटभर जाड लाल रेघांत 'मामा' लिहिलं, एक काना जरा आडवा झाला, तो पेंटरने तसाच राहू दिला. दुसरं काही लिहायचं का विचारलं, तर म्हणाली, "कशाला? त्याला कळेल."

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी. माळ्याची हातगाडी दगडाला अडून धाडकन उलटली. भिंगरी पळत होती, ती त्या आवाजासरशी जिथल्या तिथे उभी राहिली. हात अर्धवट वर, डोळे मोठे, श्वास पण नाही. आईने जाऊन पाठीवरून हात फिरवला तेव्हा कुठे हलली. "दचकली की असंच होतं हिचं," आई म्हणाली. "ओरडलं की हिची किल्लीच संपते. हाक मारताना जरा हळू मारत जा, काका."

तिसरा दिवस उजाडला. छान कोवळं ऊन. आई रिसेप्शनपाशी फोन घेऊन बसलेली, दर गाडीच्या आवाजाला उठायची आणि पुन्हा बसायची. भिंगरी पुठ्ठा घेऊन हिरवळीवर फेऱ्या मारत होती. पेंटर होड्यांपाशी, पायऱ्यांपासून पन्नास-साठ पावलांवर, सात नंबरच्या होडीवर पिवळ्या रंगाने नंबर काढत होता. गुडघा दुखत होता, म्हणून खाली बैठक मारलेली.

तेव्हा माळी वरून ओरडला. रोजच्यासारखाच, मोकळ्या गळ्याने.

"पेंटर! मामा आलेत रे पायऱ्यांपाशी! उजव्या बाजूला! मस्त पसरलेत उन्हात!"

आणि पेंटरने मान वर न करता, ब्रशसकट हात उंच केला. "येऊ दे! पडू दे सुखाने!"

सात नंबरचा वरचा आडवा फाटा काढून झाला. खाली तिरकी रेघ घेता घेता त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल हललं. त्याने बघितलं. कमळांच्या पाटीमागून एक पांढरा पुठ्ठा पायरी पायरीने खाली उतरत होता. त्यावर त्याच्याच रंगाने लिहिलेलं होतं, 'मामा'.

हातातला ब्रश कुठे पडला त्याला कळलं नाही. देवा रे! हे काय केलं मी? माझाच शब्द. माझीच पाटी. आणि आत्ता, या घटकेला, 'येऊ दे' म्हणणाराही मीच!

भिंगरी अकराव्या पायरीवर पोचली होती. खाली तीनच पायऱ्या, मग पाणी. शेवटच्या दोन शेवाळलेल्या. आणि उजवीकडे, चार-पाच हातांवर, चिखलात मगर जबडा उघडा टाकून पडलेली. चिखल आणि ती एकाच रंगाची. भिंगरी तिच्याकडे बघतच नव्हती. ती माणूस शोधत होती. पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून इकडे तिकडे बघत होती, आणि तिचा बारीक आवाज पाण्यावरून येत होता, "मामा? मी इकडे आहे! मामा?"

पेंटर उठला, गुडघ्याने दगा दिला, पुन्हा बसला. तोंड उघडलं ओरडायला, आणि तसंच मिटलं. ओरडलो की तिची किल्ली संपणार. त्या पायरीवर ती खांबासारखी उभी राहणार. पळत गेलो तरी पोचेपर्यंत काय राहील? एवढ्यात त्याने पाहिलं, चिखलातला जबडा मिटला. मग चिखलात नुसता ओला घसरल्याचा पट्टा उरला. ना आवाज, ना उडालेलं पाणी. दोन वर्षांत पेंटर एक गोष्ट पुरती शिकला होता. ती दिसतेय तोवर ठीक. दिसेनाशी झाली की खरी भीती.

माणसाला असल्या वेळी काय सुचेल सांगता येत नाही. पेंटरला अक्षरं सुचली. दुसरं काय येत होतं त्याला? त्याने एक श्वास घेतला, आवाज जेवढा साधा करता येईल तेवढा केला, हसरा केला, आणि हाक दिली.

"भिंगरे! अगं, तुझ्या मागे केवढी मोठी पाटी आहे! वाचता येते का बघ!"

भिंगरी वळली. पाठ पाण्याकडे झाली. पण तिला वर ती पिवळी पाटी दिसली. दोन वर्षं पाण्याकडे तोंड करून उभी असलेली.

"येते!" ती ओरडली. "सा... व... धा... न! सावधान!"

"शाब्बास! पुढे?"

"पा..." ती थांबली. "पा... हे काय आहे? हे मोडलंय!"

तिच्यामागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटली. पायऱ्यांच्या दिशेने.

"तो अर्धा ण आहे, बाळा. त्याचं पोट गेलंय," पेंटर म्हणाला, आणि बोलता बोलता तो चालायला लागला होता, लंगडत, होड्यांना धरत. आवाजाला मात्र धक्का लागू दिला नाही. "तिथून नाही कळायचं. चार पायऱ्या वर ये आणि नीट बघ, कुणाला धरून उभा आहे तो."

भिंगरी एक पायरी वर आली. दुसरी. पुठ्ठा आता काखेत मारलेला, मान वर, डोळे बारीक केलेले. "य ला धरलंय! ण्या! पा-ण्या-त! पाण्यात!"

"वा गं माझ्या वाघिणी! आता त्याच्या पुढचा शब्द सोपा आहे. पण लांबून वाचलेला मोजणार नाही मी. पाटीला हात लावून वाचायचा. पळत!"

पळत म्हटल्यावर भिंगरीला दुसरं काय हवं! टणाटण पायऱ्या चढली, पाटीला हात लावला आणि नखाने एकेक अक्षर गिरवत मोठ्याने म्हणाली, "म... ग... र. मगर!" तेवढ्यात पेंटर पोचला. त्याने तिला उचललं, छातीशी धरलं आणि तिथेच हिरवळीवर बसकण मारली. खाली, चौदाव्या पायरीच्या कडेला, दोन उंचवटे पाण्याबाहेर आले, थोडा वेळ थांबले, आणि बुडाले.

"मगर आहे," भिंगरीने वाक्य पुरं केलं. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "काका, तुम्ही रडताय? मी बरोबर वाचलं ना?"

"बरोबर वाचलंस गं माझे आई," पेंटर म्हणाला. "एकदम बरोबर वाचलंस."

मग धावाधाव. आई आली, तिने मुलीला हिसकावून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. साहेब आले. माळी आला, तो तर पांढराफटक पडलेला. आईने विचारलं, "तिकडे कशाला गेलीस तू?" भिंगरीने माळ्याकडे बोट केलं. "हे म्हणाले, मामा आलेत पायऱ्यांपाशी."

साहेबांनी घसा खाकरला. "जरा गैरसमज झालेला दिसतो, मॅडम..."

"गैरसमज नाही," पेंटर म्हणाला. उठता येत नव्हतं, बसूनच बोलला. "ताई, आम्ही मगरीला मामा म्हणतो. तुम्हाला कळू नये म्हणून. नाव मी ठेवलं. आणि ही पाटी मीच रंगवली, मीच फिरवून लावली. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण हात माझे होते. तुमच्या लेकीला काही झालं असतं तर मी..."

आई त्याच्याकडे बघत राहिली. राग होता, का नसावा? तिने बोलायला तोंड उघडलं, पण भिंगरी मधेच म्हणाली, "आई, ह्यांनी मला जोडाक्षर शिकवलं आत्ता," आणि आईला एकदम हुंदका फुटला. ती खाली बसली आणि मुलीला घट्ट धरून रडली.

पेंटर पाटीच्या खांबाला धरून उठला आणि त्याने खिशातून पाना काढला. पहिला बोल्ट गंजलेला, निघता निघेना.

"पेंटर, हे काय चाललंय? कुणाला विचारून?" साहेब म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"त्या पोरीला विचारून," पेंटर म्हणाला. "साहेब, दोन वर्षं मगरीला वाचायला दिली ही पाटी. ती काही शिकली नाही. आता माणसांना देऊ. मला काढून टाकायचं असेल तर टाका, पण चार बोल्ट आवळून झाल्यावर."

साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हता हो, भित्रा होता. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, पुढे होऊन जड पत्र्याचं दुसरं टोक धरलं, आणि खाली पडलेले नट एकेक करून उचलून पेंटरच्या हातात दिले. पिवळी बाजू हिरवळीकडे आली. कमळं गेली पाण्याकडे. मगरीचा मुक्काम आनंदाचा होवो!

अकराच्या सुमारास दाराशी गाडी थांबली. कपडे धुणाऱ्या बाईंना बिचाऱ्यांना सकाळचं काही माहीत नव्हतं, त्या आनंदाने ओरडत आल्या, "अगं ए भिंगरी, मामा आलेत! मामा आलेत तुझे!"

भिंगरी हिरवळीवर होती. त्या शब्दासरशी ती जागच्या जागी उभी राहिली. हात अर्धवट वर, डोळे मोठे. पुठ्ठा खाली पडला. तीन दिवस ज्या शब्दासाठी पोर नाचत होती, तो शब्द ऐकून आता तिची किल्ली संपली, आणि हे कुणाचं काम, तर आपलं. 'मगर' वाचली, पोर वाचली, पण शब्द काही वाचला नाही.

समोरून एक उंच, दाढीवाला माणूस आला. बहिणीला बघून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, "ताई" एवढंच म्हणाला आणि ती त्याच्या गळ्यात पडली. मग त्याने खाली बघितलं. गुडघ्यावर बसला, हात पसरले. "ही का आमची...?"

भिंगरी मागे सरकली आणि पेंटरच्या पायजम्याला धरून त्याच्या मागे लपली. त्या माणसाचे हात तसेच राहिले. सात वर्षांनी आलेला माणूस, त्याला वाटलं असणार, आपल्याला उशीर झाला.

पेंटर वाकला, हळू म्हणाला, "भिंगरे, हा खरा आहे. जोडाक्षर खरं सांगितलं ना मी? तसंच हेही. हा खरा मामा."

भिंगरीने अर्धं तोंड बाहेर काढलं. बराच वेळ त्या माणसाला न्याहाळलं. मग लांबूनच म्हणाली, "आधी दात दाखव."

मामाला काही कळेना. त्याने बहिणीकडे बघितलं. ती रडता रडता हसली, "दाखव रे, दाखव." मग त्या एवढ्या मोठ्या माणसाने हिरवळीवर गुडघे टेकून, सगळ्यांसमोर, आ केला. भिंगरी पायजमा न सोडता पुढे झाली, पेंटरलाही ओढत नेलं. वाकून बघितलं. वरचे मोजले, खालचे मोजले.

"माणसाचेच आहेत," तिने जाहीर केलं, आणि मामाच्या मांडीवर जाऊन बसली.

मामाने तिला असं धरलं की बास. पेंटरने तोंड फिरवलं आणि तळ्याकडे बघत उभा राहिला. आता इथे आपलं काय काम? सात नंबर अर्धा राहिलाय, रंग वाळत असेल. तो निघाला. चार पावलं गेला असेल, मागून भिंगरीचा खणखणीत आवाज आला.

"मामा, ते बघ, ते चाललेत ना लंगडत, ते पण मामा आहेत. पेंटरमामा. त्यांना कुणी भाची नाहीये, म्हणून मी झालेय त्यांची." आणि मग, कुणाला शंका नको म्हणून, "त्यांचे दात मी पहिल्याच दिवशी बघितलेत. एक पडलाय. ते नाही चावत."

पेंटर थांबला. मागे वळायची त्याची हिंमत झाली नाही, कारण चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. त्याने सवयीने हात तेवढा वर केला.

"येऊ दे, बाळा," तो म्हणाला. "येऊ दे."